मुलांचा वाहता कान : जंतूची ओळख आणि औषधाची परीक्षा



जमाखर्चाच्या पानांपूर्वी रुग्णालयातील एखाद्या कामाची सविस्तर ओळख करून द्यावी, असा या अहवालाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही प्रयोगशाळेतील एक लहानशी तपासणी निवडली आहे. त्यास निमित्त झाले ते एका देणगीदारांच्या प्रश्नाचे. रुग्णालय पाहावयास आले असता त्यांनी विचारले, "लहान मुलाचा कान वाहतो, डॉक्टर थेंब देतात, कान बरा होतो. मग तो पू कापसाच्या काडीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचा, दोन-तीन दिवस वाट पाहायची आणि त्यावर धर्मादाय निधीतून खर्च करायचा, हे कशासाठी ?" प्रश्न रास्त होता. निधीचा विनियोग ज्यांच्या हाती सोपविला आहे, त्यांनी त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे पुढील माहिती आम्ही कान-नाक-घसा विभागातील डॉक्टर व सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील सहकारी यांच्याकडून समजून घेतली आहे व त्यांच्याकडून तपासूनही घेतली आहे.

एका मुलीची हकीकत

शिर्डी व राहाता परिसर हा उसाचा आणि पेरूच्या बागांचा. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड कामगारांची कुटुंबे येथे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशाच एका कुटुंबातील सात वर्षांची मुलगी गेल्यापूर्वीच्या हंगामात आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. उजवा कान जवळपास दोन वर्षांपासून वाहत होता व त्यास दुर्गंधी होती. आईने कापडी पिशवीतून औषधाच्या चार बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. चारही निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या आणि चारही अर्ध्याच संपलेल्या. "औषध दिलं की दोन दिवस थांबतं, पुन्हा सुरू होतं," असे तिचे म्हणणे होते. बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगी हाक मारली तरी वळून पाहत नाही, शाळेत लक्ष देत नाही, म्हणून तिला 'मठ्ठ' म्हणतात.

मुलीची श्रवणचाचणी झाली, तेव्हा दोष बुद्धीचा नसून कानाचा आहे हे स्पष्ट झाले. पडद्यास छिद्र होते. पुवाच्या तपासणीत जो जंतू सापडला, त्यावर त्या चार बाटल्यांतील औषध पूर्ण घेतले असते तरी चालले नसते. असे का, हे पुढे सांगितले आहे.

मध्यकर्ण म्हणजे काय ?

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक इवलीशी पोकळी असते. तीत हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे असतात. पडद्यावर पडलेला आवाज ती आतील कानापर्यंत पोहोचवितात. ही पोकळी म्हणजे मध्यकर्ण. तेथून एक नळी नाकाच्या मागील भागात उघडते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मध्यकर्णात हवा खेळती ठेवणे व तेथील स्राव बाहेर काढणे, हे तिचे काम.

मोठ्या माणसात ही नळी लांब व उतरती असते. बालकात ती आखूड व बरीचशी आडवी असते. सर्दी-पडशाने तिचे अस्तर सुजले की नळी बंद होते, आत स्राव साचतो आणि नाक-घशातील जंतू त्या साठलेल्या स्रावात वाढू लागतात. पू होऊन पडद्यावर दाब आला की मूल रात्री कान धरून रडू लागते. कधी पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका एकाएकी थांबतो. 'कान फुटला, आता बरे झाले' असे घरची मंडळी समजतात. बहुतेक मुलांत हे छिद्र आपोआप भरूनही येते. परंतु वारंवार असे घडले, दुखणे अंगावर काढले गेले किंवा कानात पाणी जात राहिले, तर छिद्र तसेच राहते व कान कायमचा वाहू लागतो.

थंडीचे दिवस, दाटीवाटीने राहणे, खोपीतील चुलीचा धूर, घरातील विडी-सिगारेट, बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे आणि कुपोषण या गोष्टी हा आजार वाढवितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानुसार जगात ६.५ कोटी ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात व त्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना लक्षणीय बहिरेपणा येतो. हा आजार सर्वाधिक आढळणाऱ्या देशांच्या गटात त्या अहवालाने भारताची गणना केली होती.

जंतू कोणते ?

नव्याने उद्भवलेल्या दुखऱ्या कानात बहुधा तीन जंतू आढळतात : न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोराक्सेला. हे नाक-घशात राहणारे जंतू नळीच्या वाटेने आत शिरतात. पुष्कळदा आरंभ विषाणूने होतो आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. म्हणूनच दोन वर्षांपुढील मुलाचे दुखणे सौम्य असेल, तर डॉक्टर कधी केवळ वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलावतात. ती हेळसांड नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

महिनोन् महिने वाहणाऱ्या कानात मात्र वेगळेच जंतू आढळतात. त्यांत स्यूडोमोनस, स्टॅफिलोकोकस ऑरियस व प्रोटियस हे प्रमुख. पडद्याच्या छिद्रातून, विशेषतः पाण्याबरोबर, ते बाहेरून आत जातात. स्यूडोमोनस तर ओलाव्यातच वाढणारा जंतू. कानात तेल, लसणाचे तेल किंवा पानांचा रस घालण्याची सवय असेल तर बुरशीही वाढते आणि तिच्यावर जंतूंची औषधे निरुपयोगी ठरतात. सारांश, 'कान वाहतो' हे लक्षण एकच असले तरी त्यामागील कारण एक नसते.

तपासणी कशी होते ?

पडदा शाबूत असेल तर पू त्याच्या मागे असतो. त्याचा नमुना सहजी घेता येत नाही व बहुतेकदा घेण्याची आवश्यकताही नसते. तपासणी करावयाची ती मुख्यतः वाहत्या कानाची, आणि त्यातही उपचारांनी न थांबणाऱ्या कानाची. कानाच्या बाहेरील नळीत निरोगी माणसाच्याही त्वचेवर जंतू असतात. काडी तेथेच फिरविली तर तेच उगवतात आणि अहवाल दिशाभूल करतो. म्हणून डॉक्टर प्रथम कान स्वच्छ करतात, खोल भागातील ताजा पू निर्जंतुक काडीवर घेतात आणि शक्यतो त्यानंतरच औषध सुरू करतात.

प्रयोगशाळेत त्या पुवाचा एक थेंब काचेवर पसरून रंगविला जातो. ही पद्धत डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ मध्ये शोधली. जांभळे दिसणारे व गुलाबी दिसणारे अशा दोन गटांत जंतूंची पहिली विभागणी त्यावरून होते. उरलेला नमुना काचेच्या बशीतील पोषक जेलीवर पसरतात. यांपैकी एका जेलीला 'चॉकलेट अगार' म्हणतात. तीत चॉकलेट नसते, तर तापविलेल्या रक्तामुळे तिला तो रंग येतो. हिमोफिलस जंतूस लागणारे पोषण या जेलीत मिळते. या बशा शरीराच्या तापमानाइतक्या उबेत रात्रभर ठेवल्या की जंतूंचे ठिपके उगवतात आणि त्यांच्यावरून जंतू ओळखला जातो.

यापुढची पायरी औषधांच्या परीक्षेची. तिची प्रमाणित पद्धत १९६६ मध्ये बाउअर, किर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. जंतूंचे ठरावीक दाटपणाचे द्रावण एका बशीवर सारखे पसरतात आणि त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजविलेल्या, निश्चित मात्रेच्या कागदी चकत्या ठेवतात. सोळा ते अठरा तासांनी पाहिले असता, जे औषध जंतूस रोखते त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. जे रोखत नाही, त्याच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले असतात. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून प्रमाणित तक्त्याशी ताडला जातो आणि अहवालात 'संवेदनशील', 'मध्यम' किंवा 'प्रतिरोधी' अशी नोंद होते. एक रात्र जंतू उगवण्यास व दुसरी औषधांच्या परीक्षेस लागते. अहवालास दोन-तीन दिवस लागतात ते यामुळे. जंतूची वाढ कोणासही घाईत उरकता येत नाही.

अहवाल कसा वाचावा ?

अहवाल हाती पडताच 'ज्याचे वर्तुळ मोठे ते औषध द्या' किंवा 'यांतील सर्वांत महाग औषध द्या' असा आग्रह पालक पुष्कळदा धरतात. तो योग्य नाही. जेलीतून पसरण्याचा प्रत्येक औषधाचा वेग व चकतीतील मात्रा वेगळी असते. त्यामुळे एका औषधाचे वर्तुळ दुसऱ्याच्या वर्तुळाशी ताडता येत नाही, त्याच औषधाच्या तक्त्याशीच ताडावे लागते. औषध महाग आहे म्हणून ते अधिक गुणकारी आहे, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत वर्गवारी केली : सहज वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखून ठेवावयाची. मुलांच्या नव्या कानदुखीत प्रथम दिले जाणारे अमॉक्सिसिलिन हे जुने व स्वस्त औषध पहिल्या गटात आहे. सेफिक्सिम व अझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रयोगशाळेतील तक्ता बहुतांशी औषध पोटात किंवा शिरेतून दिल्यावर शरीरात जेवढे पोहोचते त्यावर बेतलेला असतो. कानात घातलेल्या थेंबांची तीव्रता तेथे त्याच्या अनेक पटींनी अधिक असते. त्यामुळे अहवालात 'प्रतिरोधी' म्हटलेले औषध थेंबांच्या रूपात कधी कधी गुण देते. उलट बाजूने, सापडलेला प्रत्येक जंतू आजाराचे कारण असतोच असेही नाही. म्हणून अहवाल हा डॉक्टरांच्या निर्णयाचा एक आधार आहे. तो औषधाच्या दुकानात दाखवून परस्पर औषध घेण्याचा परवाना नव्हे.

जंतू औषधास दाद का देत नाहीत ?

निरनिराळे जंतू निरनिराळ्या रीतीने आपला बचाव करतात. मोराक्सेलाचे बहुतेक आणि हिमोफिलसचे बरेच जंतू असे एक विकर तयार करतात, की ते अमॉक्सिसिलिनचा रेणूच तोडून टाकते. अशा वेळी त्या विकरास निष्प्रभ करणारे क्लॅव्ह्युलानिक आम्ल सोबत द्यावे लागते. न्यूमोकोकस असे विकर तयार करीत नाही. औषध ज्या ठिकाणी चिकटते, ते ठिकाणच तो बदलतो. तेथे क्लॅव्ह्युलानिक आम्लाचा उपयोग नसतो, मात्र अमॉक्सिसिलिनची मात्रा वाढविली तर बहुधा यश येते. स्यूडोमोनसचे आवरणच असे असते की पुष्कळशी औषधे आत शिरत नाहीत आणि शिरलेली तो बाहेर फेकतो. अमॉक्सिसिलिनला तो जन्मतःच दाद देत नाही.

त्या मुलीच्या कानात हाच जंतू होता. चारही बाटल्यांत अमॉक्सिसिलिनच होते, नावे मात्र चार कंपन्यांची चार होती. औषध अर्धे सोडल्याचा बोल आईने स्वतःस लावून घेतला होता. वास्तविक पूर्ण घेऊनही तो कान थांबला नसता. डॉक्टरांनी कान वरचेवर स्वच्छ व कोरडा केला, अहवाल पाहून सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब ठरावीक दिवस दिले आणि कानात पाणी जाऊ न देण्याची ताकीद दिली. पोटात घ्यावयाचे एकही प्रतिजैविक तिला द्यावे लागले नाही. काही आठवड्यांत कान कोरडा झाला. हंगाम संपल्यावर कुटुंब गावी परतले, तेव्हा अहवालाची प्रत व तिच्या शाळेसाठी एक पत्र आम्ही आईजवळ दिले. मुलीस पहिल्या रांगेत, डावा कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे, एवढाच त्यातील मजकूर होता. पुढच्या हंगामात ती मंडळी पुन्हा आली. कान कोरडाच होता आणि मुलगी पहिल्या रांगेत बसत होती. छिद्र मात्र अद्याप आहे. ते बुजविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिचे नाव नोंदविले आहे.

प्रतिजैविकांचे युग महाराष्ट्राला नवे नाही. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परंतु १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात स्वतः फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना औषधाविरुद्ध जणू शिकवून तयार करतो. अपुऱ्या किंवा अनावश्यक औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व तेच वाढतात. हे चिवट जंतू एका मुलापुरते राहत नाहीत, तर घरातील भावंडांना व शाळेतील सोबत्यांनाही मिळतात. शासनाने २०१४ च्या मार्चपासून 'एच-१' अनुसूची लागू केली. तीतील प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. नियमामागील हेतू हाच आहे.

खर्चाविषयी

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. जेली, चकत्या, उबपेटीची वीज आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा वेळ यांवर खर्च होतो, हे खरे. परंतु निष्फळ औषधाच्या चार बाटल्या, चार ठिकाणचे हेलपाटे, तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि दोन वर्षे न ऐकू आलेले शिक्षण हाही खर्चच आहे. तो आमच्या वहीत पडत नाही, एवढेच. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तीनुसार एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, निर्धन रुग्णांस मोफत व दुर्बल घटकांतील रुग्णांस सवलतीच्या दरात उपचार द्यावे लागतात. या तपासणीचा लाभही त्या रुग्णांना त्याच नियमाने दिला जातो. निधी अपुरा पडतो तेथे आपल्या देणग्या उपयोगी येतात.

या अहवालांचा आणखी एक उपयोग आहे. वर्षभरातील नोंदी एकत्र केल्या की आपल्या परिसरात कोणता जंतू कोणत्या औषधास दाद देतो, याचा तक्ता तयार होतो. तपासणीचा निकाल येईपर्यंत कोणते औषध द्यावे, हे ठरविण्यास तो डॉक्टरांना उपयोगी पडतो. मात्र एका जंतूचे किमान ३० नमुने असल्याखेरीज त्याची टक्केवारी काढू नये, असा याविषयीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आमच्याकडील काही जंतूंचे नमुने त्या संख्येस अद्याप पोहोचलेले नाहीत. म्हणून या अहवालात टक्केवारीचा तक्ता छापलेला नाही. लहान संख्येची टक्केवारी कागदावर भारदस्त दिसते, पण तिच्या भरवशावर मुलाला औषध देता येत नाही.

पालकांस विनंती

१. वाहत्या कानात तेल, रस, दूध वा अन्य काहीही घालू नये. काडी, पिन वा कानकोरणे यांचा वापर करू नये.

२. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात बाहेरच्या बाजूस ठेवावा व नंतर काढून टाकावा. कालव्यात व विहिरीत पोहणे कान कोरडा होऊन डॉक्टर सांगेपर्यंत टाळावे.

३. औषधाची मात्रा व दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पाळावेत. उरलेली बाटली पुढच्या आजारासाठी राखू नये, भावंडास देऊ नये. पाणी घालून तयार केलेले औषध थोड्याच दिवसांत निकामी होते.

४. कानात घालावयाचे थेंबही मनाने विकत घेऊ नयेत. पडद्यास छिद्र असता काही थेंबांनी आतील कानास कायमची इजा होऊ शकते.

५. अंगावरचे दूध पाजावे. बाळाचे डोके पाजताना उंच धरावे. मुलाजवळ धूम्रपान करू नये.

६. न्यूमोकोकसविरोधी लस बाळास सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात द्यावी. २०२१ पासून देशभर ती शासकीय लसीकरणात मोफत दिली जाते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनेही अशी लस तयार केली आहे. तिच्याने सर्वच कानदुखी टळते असे नाही, परंतु या जंतूपासून होणारे गंभीर आजार कमी होतात.

७. मूल हाकेस ओ देत नसेल, दूरदर्शनचा आवाज वाढवीत असेल किंवा अभ्यासात मागे पडत असेल, तर रागे भरण्यापूर्वी कान तपासून घ्यावा. २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही अंगणवाडी व शाळेत ही तपासणी केली जाते.

८. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, तीव्र ताप, वारंवार उलटी, असह्य डोकेदुखी, मान ताठ होणे, तोंड वाकडे होणे किंवा मूल गुंगीत जाणे यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे. जंतू हाडात वा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचल्याची ती लक्षणे असू शकतात.

देणगीदारांच्या उदार हस्ते उभ्या राहिलेल्या इमारती व यंत्रे सर्वांस दिसतात. उबपेटीत रात्रभर ठेवलेली एक लहानशी बशी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तिच्यामुळे एका मुलीस अनावश्यक औषधातून सुटका मिळाली आणि वर्गात पुढची जागा मिळाली, हे आपणांस कळविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.  

आपले विनम्र,
रुग्णालय प्रशासन, शिर्डी, जिल्हा अहिल्यानगर